मासा अजून आणलेला नाही

तुंगकांग,
अकरावा महिना, तिथी दहावी

आदरणीय बुनहिओंगदादांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे बिंगतिकचा, वाकून नमस्कार.

आपण, वहिनी आणि मुलं सुखरूप असाल अशी आशा करतो. ताइपेईत महिनाभर ऊन पडलेलं नाही असं बातम्यांत ऐकलं की वहिनींच्या गुडघ्यांची आठवण होते. त्यांना सांगावं की सुईहाने वाळवलेलं आलं पाठवलं आहे. ते गुडघ्यांना चोळायचं नसून पाण्यात उकळून प्यायचं आहे. (मागच्या वेळी जे झालं त्याबद्दल आम्ही इथे अजून कोणापाशी बोललेलो नाही.) सुईहा बरी आहे. मी आहे तसा आहे.

आपले चार निरोप मिळाले. पहिल्यात आपण विचारलंत, मासा कसा आहे. दुसऱ्यात लिहिलंत, माशाचा फोटो पाठवा. तिसऱ्यात नुसतं प्रश्नचिन्ह होतं. चौथा निरोप सुईहाला होता, त्यात आपण विचारलंत की तुझ्या नवऱ्याला फोटो पाठवता येतो ना. येतो, दादा. बत्तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून लोकांच्या वस्तू जिथल्या तिथे पोचवल्या, तेव्हा फोटोही पोचवेन. अडचण एवढीच आहे की मासा नाही. आपण काचेची पेटी पाठवल्याला चार महिने झाले. पेटीत पाणी आहे, वाळू आहे, दगड आहेत, वर दिवा आहे. मासा नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर आपण 'का' म्हणून विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर फोनमध्ये मावणारं नाही. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बसावं.

पेटी कशासाठी आली ते आपल्याला माहीतच आहे, पण माझ्या गाडीला चढावर जायचं तर मागून धक्का लागतो, म्हणून पुन्हा लिहितो. दोन वर्षांपूर्वी बाबांची मासेमारीची बोट विकली. ती विकावी असा सल्ला आपण दिला होता आणि तो योग्यच होता, कारण बोट चालवायची कोणी? आपण ताइपेईत पूल बांधता आणि मी घरजावई असलो तरी पाण्यावर गेलो की माझं पोट माझं राहत नाही. पण बोट गेली त्या दिवशी बाबा मागच्या खोलीत गेले, बंदराकडची खिडकी लावून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले, ते बसलेच. जेवण आत. आपला फोन आला की हात हलवून नको म्हणायचे. पिंगतुंगच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की शरीर ठणठणीत आहे, डोळ्यांपुढे काहीतरी जिवंत ठेवा म्हणजे माणूस खोलीबाहेर येईल. आपण तिथून पेटी पाठवलीत, सोबत चिठ्ठी: 'यात बाबांसाठी एक छानसा मासा ठेवा.' चिठ्ठी एका ओळीची होती. त्या ओळीने माझा पावसाळा, शरद आणि निम्मा हिवाळा खाल्ला आहे.

पहिला महिना तर पेटी उघडलीच नाही. ती आली तेव्हा सातवा महिना चालू होता आणि त्या महिन्यात भटके आत्मे गावात असताना घरात नवं काही मांडत नाहीत, हे ताइपेईत राहून आपण विसरला असाल. सुईहा विसरलेली नव्हती. पेटी खोक्यासकट दारात उभी होती आणि तिच्यावर मोजे वाळत होते. म्हटलं, तोवर बसून काय करायचं, माशाला काय काय लागतं याची चौकशी करून ठेवू. एक वही घेतली. त्या क्षणी मला कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं.

चौकशीची सुरुवात मी मासळी बाजारापासून केली. परक्या माणसाला वाटेल की माशाबद्दल विचारायला तुंगकांगसारखं गाव नाही. पण आपल्या गावाला मासा माहीत आहे तो मेल्यानंतरचा. त्याआधी त्याचं काय चालतं याची विचारपूस आजवर कोणी केलेली नाही. लिलावाच्या ओल्या फरशीवर वही उघडून मी एका कोळंबीवाल्या मावशींना विचारलं की लहानसा, शांत स्वभावाचा समुद्रातला मासा घरी ठेवायचा तर त्याला काय लागतं. 'आलं,' त्या म्हणाल्या, 'आणि सात मिनिटं वाफ.' मी म्हटलं, मावशी, जिवंत ठेवायचाय. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, 'मग बर्फ कमी घाल.' शेजारी एक गृहस्थ सुरे धूत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'तू कप्तान होंगांचा जावई ना रे? त्यांच्याच घरात राहणारा?' मी हो म्हटलं. 'हां, मग बरोबर,' असं म्हणून ते पुन्हा सुरे धुवायला लागले. काय बरोबर ते मी विचारलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर अजूनही 'आलं' एवढंच लिहिलेलं आहे.

मग कोणीतरी काओश्युंगमधलं एक दुकान सांगितलं. तिथे समुद्रातले मासे जिवंत मिळतात, म्हणजे असतात. मिळतात असं म्हणवत नाही, कारण त्या दुकानातून मासा घेऊन बाहेर पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मालकीण लो बाई. चष्मा दोरीला बांधलेला, आवाज मुख्याध्यापिकेचा. आत शिरल्या शिरल्या मी म्हटलं, एक छानसा मासा द्या. बाई म्हणाल्या, 'पेटी किती लिटरची?' नव्वद. 'घरात ऊन कुठून येतं?' सांगितलं. 'तुम्ही गावाला गेलात तर खायला कोण घालणार?' मी कुठे जात नाही, म्हटलं. 'मासा कोणासाठी?' सासऱ्यांसाठी. 'त्यांना मासे आवडतात का?' मी खरं तेच सांगितलं, की त्यांनी आयुष्यात काही लाख मारले असतील. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, 'पुढच्या मंगळवारी या. आणि येताना प्रश्न घेऊन या, पिशवी नको.'

दादा, मी अकरा मंगळवार गेलो. जायला बस, यायला बस, मध्ये उभं राहणं. जो मासा माझ्या डोळ्यांत भरे त्याच्याविषयी बाईंकडे काही ना काही वाईट बातमी असे. निळा दाखवला, तर त्याला फिरायला आपल्या दिवाणखान्याएवढं पाणी लागतं. पिवळा दाखवला, तर तो काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडतो. पंखवाला फारच देखणा होता, पण तोंडात मावेल त्या शेजाऱ्याला गिळतो. एक पट्ट्यापट्ट्यांचा मी जवळजवळ ठरवला होता. 'तुमच्या पेटीत तो शिरेल,' बाई म्हणाल्या, 'पण वळणार नाही.' आणि एक इतका रंगीत होता की कोणी हाताने भरतकाम केलं आहे असं वाटावं. तो दिवसभर दगडावरून बारीक बारीक जिवंत किडे वेचून खातो, मेलेलं तोंडात घेत नाही, उपाशी राहील पण हट्ट सोडणार नाही. मी म्हटलं, बाई, तसे एक आमच्या घरी आधीच आहेत.

चौथ्या की पाचव्या मंगळवारी बाईंनी स्वतःहून मला एका कोपऱ्यातल्या पेटीपुढे नेलं. आत बोटाएवढा, भुवया ताणल्यासारखा चेहरा असलेला एक मासा वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी बसला होता. पोहत नव्हता, नुसता पहारा करत होता. तेवढ्यात बिळातून एक कोळंबी वाळूचा ढिगारा ढकलत बाहेर आली, तो टाकला, आत गेली, दुसरा घेऊन आली. या कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती खणते, घर बांधते, आणि बाहेर असताना एक मिशी कायम माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसला की मासा शेपूट थरथरवतो आणि दोघं आत. त्याला घर मिळतं, तिला डोळे. (सुईहाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'आपल्यातली कोळंबी कोण ते मला माहीत आहे.') मी बाईंना म्हटलं, हीच जोडी द्या. बाई म्हणाल्या, 'आधी लिहून घ्या.'

लिहून घेतलं. वाळू चार बोटं खोल, तीही एकसारखी नाही, बारीक आणि भरड मिसळलेली, नाहीतर बीळ ढासळतं. दगड वाळूवर ठेवायचे नाहीत, तळाला टेकवायचे आणि मग वाळू घालायची, नाहीतर कोळंबी खणता खणता स्वतःवरच डोंगर पाडून घेते. वर झाकण, कारण मासा घाबरला की उडी मारतो. पाणी उन्हाळ्यात गार ठेवायचं यंत्र. पाण्याचा खारटपणा रोज मोजायचा. आणि सगळं मांडल्यावर दीड महिना मासा आणायचा नाही, पेटी मुरू द्यायची. हो, लोणच्यासारखी. डोळ्यांना न दिसणारे जीव दगडांत वाढतात आणि माशाची घाण साफ करायला शिकतात, त्यांना शिकायला वेळ लागतो. वहीची सतरा पानं भरली.

मग मी पेटी मांडली. कोपऱ्यावरच्या यंत्रातून शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी पिंपांतून आणलं, लो बाईंनी दिलेलं पाकिटातलं मीठ त्यात विरघळवलं, नळी बुडवून मोजलं आणि रोज संध्याकाळी पेटीपुढे खुर्ची टाकून बसू लागलो. शेजारी यायचे, वाकून बघायचे, म्हणायचे, 'काय आहे आत?' मी सांगायचो, पाणी आहे. 'आणि?' मुरतंय. ते सुईहाकडे बघायचे. सुईहा छताकडे बघायची. बाबा मागच्या खोलीत भिंतीकडे बघायचे.

दीड महिना संपला. मी पिशवी घेऊन निघणार तोच सुईहा दारात आडवी आली. 'अहो, बाबांनी आयुष्यात माझूमातेला विचारल्याशिवाय बोट लोटली नाही, आणि तुम्ही न विचारता घरात जीव आणताय? तोही दोन?' मी म्हटलं, मी लो बाईंना विचारलंय. 'लो बाई देवळात बसतात का?' मी पिशवी खुंटीला लावली.

या दर्यादेवीपुढे कौल लावायला मी याआधी एकदाच गेलो होतो, तो आमच्या लग्नाच्या वेळी, आणि तेव्हाही तुकडे दुसऱ्यांनीच टाकले होते. अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे. एक पालथा आणि एक उताणा पडला तर होकार, तोही लागोपाठ तीनदा हवा. दोन्ही पालथे, नकार. दोन्ही उताणे, देवी हसली, म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, पुन्हा विचारा. संत्री ठेवली, उदबत्ती लावली, गुडघे टेकले आणि वही उघडून सगळं व्यवस्थित मांडलं: नव्वद लिटर, चार बोटं वाळू, झाकण, गारवा, खारटपणा, मासा एक, कोळंबी एक, परवानगी असावी. तुकडे टाकले. हसली. पुन्हा टाकले. हसली.

देवळाचे राखणदार थोकाका खांबाला टेकून बघत होते. 'काय रे विचारलंस?' मी वही दाखवली. 'अरे माठ्या, माझूमातेला आकडे विचारतात होय? एका वेळी एक गोष्ट विचार. हो की नाही, असं.' बरं म्हटलं. पेटी पुढच्या खोलीत ठेवलेली चालेल का? हसली. की जिन्याखाली ठेवू? हसली. झाकण लाकडाचं असावं का? हसली. मासा मंगळवारी आणू का? नकार, आणि मग पुन्हा हसली. असा मी चार दिवस जात होतो, कारण रोज सुईहा विचारायची आणि रोज मला खोटं बोलता येत नव्हतं. चौथ्या दिवशी एक बाई मुलाच्या परीक्षेचं विचारायला आल्या होत्या, त्या माझी परिस्थिती बघून मागे सरकल्या. 'तुमचं होऊ द्या आधी,' म्हणाल्या. हळूहळू आणखी चारपाच जण जमले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या खिडकीपुढे एवढ्या आस्थेने कोणी उभं राहिलं नव्हतं.

शेवटी थोकाकांनी तुकडे माझ्या हातातून काढून घेतले. 'मासा कोणासाठी?' कप्तानांसाठी. 'कप्तान काय म्हणतो?' मी म्हटलं, त्यांना सांगितलेलं नाही. एकदम दाखवून आनंद द्यायचाय. थोकाकांनी बोटं मोजायला घेतली. 'म्हणजे,' ते म्हणाले, 'बाजारात विचारलंस. दुकानदारणीला अकरा वेळा विचारलंस. चार दिवस इथे देवीचं डोकं खातोयस. आणि सत्तेचाळीस वर्षं जो समुद्रावर होता, ज्याच्या घरात तू दोन्ही वेळ जेवतोस, त्याला विचारलं नाहीस? देवी हसेल नाही तर काय करेल? मला हसू येतंय.' तुकडे परत दिले. 'विचार, आधी कप्तानला विचारू का म्हणून.'

विचारलं. होकार. होकार. होकार. मागच्या मंडळींपैकी कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

दादा, त्या खोलीत शिरायला मला भीती वाटली, हे लिहायला लाज वाटत नाही. बाबा नेहमीसारखे पाठमोरे होते. मी स्टुलावर बसलो आणि वही पहिल्यापासून वाचायला घेतली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. 'आलं' वाचलं. निळा, पिवळा, पंखवाला वाचला. कोळंबी आणि पहारेकरी वाचले. वाळू वाचली. बाबा हलले नाहीत. मी चौदाव्या पानावर आलो: पाणी, त्यात पाकिटातलं मीठ, एका लिटरला पस्तीस ग्रॅम.

'कसलं मीठ?'

हा आवाज इतक्या दिवसांनी ऐकला की आधी मला वाटलं सुईहाने बाहेर रेडिओ लावला. पाकिटातलं, मी म्हटलं. 'आणि पाणी?' कोपऱ्यावरच्या यंत्रातलं. बाबा भिंतीकडून वळले. पूर्ण वळायला त्यांना थोडा वेळ लागला. 'ती खिडकी उघड.' खिडकीची कडी गंजली होती, बुटाने ठोकून उघडली. बाहेर बंदर होतं, ऊन होतं, कोणाची तरी बोट जाळी उतरवत होती. 'ते काय आहे?' मी म्हटलं, समुद्र. 'आणि तू विकत काय आणलंस?'

मी वही मिटली. बाबा उठले. भिंतीला धरून, मग दाराला धरून, मग कशालाच न धरता पुढच्या खोलीत आले. पेटीवरचं झाकण त्यांनी असं उचललं की जसं कोणी शेजारणीच्या पातेल्यावरचं उचलावं. बोट बुडवलं आणि चाखलं. 'हे सूप आहे,' म्हणाले. 'नूडल घाल यात.' सुईहा स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभी होती. दोन वर्षांनी बाप पुढच्या खोलीत आलेला बघून ती रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, 'बाबा, हात धुतले होते का?' आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. ती भांडी सकाळीच घासलेली होती.

इथे पत्र संपायला हवं होतं. माझे हाल इथून सुरू होतात.

बाबांनी वही ताब्यात घेतली. भिंग लावून सगळी पानं वाचली आणि लाल शाईने दुरुस्त केली. बंदरातलं पाणी मात्र चालणार नाही असा त्यांचा निकाल होता, तिथे डिझेल असतं. पाणी हवं ते छोट्या लिउछिउ बेटाच्या पलीकडचं, भरती पूर्ण झाल्यावरचं. तिथे कोण जाणार? कोळंबीला तर दिसत नाही. म्हणून दर शनिवारी मी सकाळच्या फेरीबोटीने जातो, बेटाच्या पलीकडच्या बाजूला दोन डबे भरतो आणि दुपारच्या बोटीने परत येतो. जाताना ओकतो, येताना ओकतो. बोटीवरचे लोक ओळखायला लागले आहेत. 'काय पोस्टमास्तर, आज समुद्र घरी नेताय की परत करताय?' (मी पोस्टमास्तर नव्हतो, खिडकीवरचा कारकून होतो. पण बाबा तसं म्हणतात आणि आता सगळं गाव म्हणतं.) मग हे पाणी कापडातून गाळायचं आणि जिन्याखाली अंधारात झाकून ठेवायचं. किती दिवस? लो बाई फोनवर म्हणाल्या, दोन आठवडे. बाबा म्हणाले, चार दिवस बस. 'त्या बाईला सांग, समुद्र दोन आठवडे अंधारात ठेवला तर तो आंधळा होतो.' मी सांगितलं. बाई म्हणाल्या, 'त्यांना सांगा, समोर येऊन बोला.' तेही मी सांगितलं. निरोप जसाच्या तसा पोचवणं हा माझा धर्मच आहे, आणि तोच मला नडला.

कारण मंगळवारी बाबांनी चांगला सदरा घातला आणि माझ्याबरोबर बसमध्ये बसले.

दुकानात शिरताच लो बाईंनी विचारलं, 'तुम्ही आयुष्यात एक तरी मासा जिवंत ठेवलाय का?' बाबा म्हणाले, 'तुम्ही एक तरी पकडलाय का?' मी मधल्या मध्ये एका खांबामागे सरकलो. मग बाईंनी एक स्टूल आणून कोपऱ्यातल्या त्या पेटीपुढे ठेवलं. बाबा बसले. 'हिला दिसत नाही?' फार कमी, बाई म्हणाल्या. 'आणि हा असाच उभा राहतो?' दिवसभर. 'झोपतो कधी?' ती आत गेली की. बाबांनी दोन तास ती पेटी पाहिली. 'खलाशी चांगला आहे,' शेवटी म्हणाले. माझ्या मनात आशा उमलली. मी हळूच म्हटलं, मग घ्यायचे का? त्यावर दोघं एकदम माझ्याकडे वळले आणि एकाच स्वरात म्हणाले, 'पाणी तयार नाही अजून.' दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

तेव्हापासून असं चाललं आहे. मंगळवारी भांडायला जायचं, शनिवारी पाणी आणायचं, मधल्या दिवसांत चाखायचं. बाबा सकाळी उठून पेटीचं पाणी चाखतात आणि मला नापास करतात. वाळू दोनदा उपसून झाली. जेवायला टेबलाशी येतात, कारण आतून ओरडलेलं आम्हाला नीट ऐकू येत नाही. परवा त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि घास तोंडात असतानाच मला मूर्ख म्हणाले. मागच्या खोलीतली खिडकी उघडीच असते. मला स्वतःला आता मासा नको आहे, दादा. मासा या शब्दाचाच शीण येतो. स्वप्नातही मी डबे घेऊन एका जिन्यावरून चढत असतो आणि वर लो बाई उभ्या असतात.

तेव्हा मासा नाही, म्हणून फोटो नाही. मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सुईहा म्हणते, थंडीत तांदळाचे गोळे गोड पाण्यात करून खावेत, बाहेरून आणू नयेत.

आपला,
बिंगतिक

ता. क. आपण वहिनींना म्हणालात म्हणे की नववर्षाला जाताना मासा आपणच घेऊन जाऊ, म्हणजे हा विषय एकदाचा संपेल. कृपा करून आणू नये. विषय संपला तर बाबा उद्या सकाळी कशासाठी उठतील, याचा आम्ही दोघांनी बराच विचार केला आहे आणि आम्हाला उत्तर सापडलेलं नाही.

ता. क. २. खरं काम असं आहे. बाबांना वेगळं एक पत्र लिहावं, कागदावर, आणि त्यात म्हणावं की चार बोटं वाळू हे खूप झालं, दोन पुरे. बाबांचं मत चारचंच आहे, आपल्याला ते पटलं तरी तसं लिहू नये. त्यांना वाद घालायला कोणीतरी लागतं आणि मी सगळ्या बाबतींत आधीच हरून बसलो आहे. आपण पूल बांधता, आपल्याशी भांडण बरंच टिकेल.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट लावत होतो तेव्हा बाबांनी विचारलं, कोणाला? मी म्हटलं, दादांना. त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं. मग म्हणाले, 'काय लिहिलंस?' मासा अजून आणलेला नाही, असं. 'एवढ्यासाठी इतकी पानं?' थोड्या वेळाने म्हणाले, 'माझं पण लिही. पुढच्या शनिवारी समुद्र शांत असेल. डबे दोन आहेत, आणि हा पोस्टमास्तर बोटीत ओकतो. तू ये.' मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. ते खिडकीशी जाऊन बसले. मी पाकीट चिकटवलं, छत्री घेतली, दारापर्यंत गेलो, तेव्हा मागून म्हणाले, 'उघड ते. लिही, शांत नसला तरी ये.'